वरून प्यायलेलं पाणी

मित्रांनो, मी पितळेचा आहे, म्हातारा आहे आणि गळका आहे. तिन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की तांब्यानं फसवलं. मला फिरकीचा तांब्या म्हणतात. माझ्या तोंडावर आटे पाडलेले आहेत. त्यावर पितळेचं झाकण फिरवलं की घट्ट बसतं, म्हणजे बसायचं. प्लास्टिकच्या बाटल्या यायच्या आधी प्रवासाला निघणारा माणूस मलाच बरोबर घ्यायचा. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझी भावंडं दिवाणखान्यात कागदी फुलं खोचून उभी केलेली पाहिली असतील. त्यापेक्षा मी गळका बरा.

माझा जन्म उदगीरचा. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका तांबटाचं दुकान होतं. त्यानं मला ठोकून ठोकून पोट दिलं, गळा दिला आणि शेवटी फिरकीचे आटे इतके बारीक पाडले की उलटा धरला तरी थेंब सांडत नसे. मला विकत घेतलं शिवमूर्ती नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग. त्यांच्याबरोबर मी रेल्वेनं हैदराबाद पाहिलं, पायी चालत श्रीशैलम पाहिलं. डब्यात कुणी तहानलेला दिसला की शिवमूर्ती माझी फिरकी उघडत आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतत. ओतण्याआधी मात्र ते विचारत, "गाव कोणतं पाव्हनं?" आणि मग, "आडनाव?" मला तो प्रश्न फार आपुलकीचा वाटायचा. मी तेव्हा नवा होतो, चकचकीत होतो आणि चकचकीत वस्तूंना पुष्कळ गोष्टी कळत नाहीत.

शिवमूर्ती गेले. पुढे त्यांचा मुलगाही गेला. मी सुनेकडे, लक्ष्मम्मांकडे आलो, आणि हे घर लातूरला गेलं तेव्हा त्यांच्या मांडीवर बसून गेलो. लक्ष्मम्मा मला चिंच लावून घासत, धुऊन देवघरात ठेवत. त्यांचा मुलगा महांतेश कॉलेजात क्रीडाशिक्षक झाला. पोरं त्याला सर म्हणत, म्हणून मीही म्हणतो. महांतेश सर सकाळी माझ्यातलं पाणी घेऊन इष्टलिंगाची पूजा करत आणि मगच चहा घेत. माझे दिवस मानाचे होते हे मला नाकारायचं नाही.

सरांना एक वेड होतं, डोंगर चढायचं. आता आमचा मुलूख सपाट. इथे चढायचं तर कशावर? निलंग्याच्या वाटेला एक बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिच्या उभ्या कड्यावर सर दोर लावून पोरांना शिकवत. त्या पोरांत एक होता रेणापूरचा धम्मदीप. वडील नव्हते, आई सरजाबाई शाळेत पोषण आहार शिजवायची. पुढे तो वीज कंपनीत लाईनमन झाला. खांबावर चढायचा पगार घ्यायचा आणि सुटीच्या दिवशी फुकट कडे चढायचा. त्याचे हात पाहण्यासारखे होते. दगडाच्या चिरेत दोन बोटं घातली की ती बोटं तिथे रोवल्यासारखी बसत. सर म्हणायचे, "माझ्याकडं शंभर पोरं आली, पन बोटं एकाच्याच हाताला हायेत."

एकदा, वैशाखात, खाणीवरून दोर ठेवायला तो सरांच्या घरी आला. लातूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत होतं. सरांची भाची रुद्राणी तेव्हा शाळेत होती, आजोळीच राहायची. दार तिनं उघडलं. तिनं धम्मदीपचा चेहरा पाहिला आणि हाताशी होतो म्हणून मलाच उचलून दिलं. तो घटाघटा प्यायला. तोंड लावून प्यायला. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्या पाण्यावर कुणी इतकं मनापासून ओठ टेकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दोर परत न्यायला आला, तेव्हा मी परसातल्या चुलीत होतो. पाणी तापवायच्या त्या चुलीत लक्ष्मम्मांनी मला लाल निखाऱ्यांवर आडवं घातलं होतं. पितळ विस्तवात घातलं की शुद्ध होतं, असं त्या मानत. धम्मदीपनं मला पाहिलं. सरांनी धम्मदीपला मला पाहताना पाहिलं. सरांनी त्याच्या हातात दोर दिला. लक्ष्मम्मांनी तर त्याला शिरा खायला दिला, आग्रह करकरून दिला. त्या दिवसापासून बाहेरच्या खिडकीत एक स्टीलचा ग्लास दिसू लागला. त्यावर नाव नव्हतं, पण तो कुणाचा हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. धम्मदीप त्यानंतर दहा वर्षं त्या घरी आला, त्या ग्लासातच पाणी प्यायला, आणि तोही ओठांपासून वीतभर वर धरून. कुणी चुकूनही काही म्हणायला नको, एवढ्यासाठी.

सर बाहेर मात्र फार छान बोलत. "आमच्याकडं असलं काही न्हाई," असं ते भाषणात सांगत. टाळ्या पडत.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. सर, धम्मदीप आणि रुद्राणी हिमाचलात एका शिखरावर जायला निघाले. रुद्राणी आता मोठी झाली होती आणि डोंगरात मामाच्या पुढे चालत होती. वर हिमनदीच्या काठी, साडेचार हजार मीटरच्याही पलीकडे, एक दगडी निवारा आहे. नवशिक्यांना तिथे मनाई. आधी कुठली कुठली शिखरं केली त्याचे कागद खालच्या गावात दाखवायचे, तेव्हाच किल्ली मिळते. अनुभवी माणसांसाठीच आहे तो, असं दारावर पाटीच लावलेली आहे.

निघण्याआधी तिघांनी सामान काट्याला अडकवून तोललं. वजन कमी करायचं म्हणून दात घासायच्या ब्रशचे दांडेसुद्धा कापले. अशात लक्ष्मम्मांनी मला आणून सरांच्या पिशवीत कोंबलं. धम्मदीप हसून म्हणाला, "सर, ह्याच्या वजनात एका दिवसाचा शिधा यील बगा."

"पूजेला लागतो," सर आईकडे बघत म्हणाले. "अव्वाचं मन मोडवत न्हाई."

दांडे कापणाऱ्यांनी मला तसंच घेतलं. मी खूश झालो. या वयात हिमालय!

निवारा डोळ्यांसमोर आला आणि घात झाला. शेवटच्या बर्फाच्या उतारावर सरांनी दम खायला पाठीवरची छोटी पिशवी खाली ठेवली, अडकवून ठेवायची राहिली. ती घसरली. आधी हळू, मग सुसाट. तीत तिघांच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, चहाचे मग होते, जादा हातमोज्यांचे जोड होते. सर नुसते बघत राहिले. एखाद्या नवख्या पोरानं केली असती तर त्याला दिवसभर ऐकून घ्यावं लागलं असतं, अशी ती चूक. धम्मदीप म्हणाला, "जाऊ द्या सर, जीव तर न्हाई गेला." मी मोठ्या पिशवीत पूजेच्या कापडात गुंडाळलेला होतो, म्हणून वाचलो.

आत दोन फळ्यांचे बाक, एक स्टोव्ह, एक काळंमिट्ट पातेलं आणि दोरीला पेन्सिल बांधलेली एक नोंदवही. त्या वहीत आलेल्यानं नाव, गाव लिहायचं आणि जाताना काय घडलं ते लिहायचं, म्हणजे मागून येणारा सावध होतो. चांगली रीत आहे ती. त्याच दुपारी वादळ सुरू झालं आणि तिघं तीन दिवस अडकले.

तिथे पाणी असं नसतं. बर्फ खणून आणायचा, पातेल्यात वितळवायचा आणि कोमट असतानाच पोटात घालायचा. उंचावर माणसानं दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायला हवं, नाहीतर रक्त घट्ट होतं आणि बोटांपर्यंत पोचत नाही. हे सरांनीच पोरांना शिकवलेलं. पातेलं जड आणि रसरसून तापलेलं, त्यातून पिता येण्यासारखं नव्हतं. प्यायला भांडं एकच राहिलं होतं, मी.

पहिल्या दिवशी तिघंही वरून प्यायले. दुसऱ्या दिवशी थंडी इतकी वाढली की आत बसूनही कुणाचा हातमोजा सुटेना. सरांनी मला उचललं, हात थरथरला, पाणी गालावर गेलं. मग त्यांनी मला सरळ ओठांना लावलं. रुद्राणीनंही लावलं. मी धम्मदीपच्या हातात आलो. मला वाटलं, आता हाही लावेल. त्यानं मान मागे टाकली, मला वर धरलं आणि वीतभर उंचीवरून धार सोडली. उजवा हात कापत होता. निम्मं पाणी तोंडात गेलं, निम्मं मनगटावरून वाहत हातमोज्यात शिरलं.

"दादा, तोंड लाव की," रुद्राणी म्हणाली.

धम्मदीपनं सरांकडे पाहिलं. "पूजेचा हाय. राहू दे," तो म्हणाला, आणि पाहतच राहिला. तो वाट बघत होता. मी त्याच्या हातात होतो, मला त्याची नाडी लागत होती, म्हणून सांगतो. सरांनी नोंदवही उघडली आणि कुणाकुणाची नावं वाचत बसले.

मित्रांनो, लक्ष्मम्मांच्या मतानं एकदा ओठ लागला की तांब्या पूजेला चालत नाही. सरांचे ओठ लागले होते, रुद्राणीचे लागले होते, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच मला घेऊन सरांनी रीतसर पूजा केली. म्हणजे अडचण ओठांची नव्हती. मी पितळेचा असून मला हे कळलं. सर तर पदव्युत्तर शिकलेले.

धम्मदीप दारातला बर्फ लोटायला बाहेर गेला तेव्हा रुद्राणी मामाच्या समोर जाऊन बसली.

"मामा, तुमी सांगा त्याला. सगळं पानी बाहीत चाललंय. हातमोजा भिजून चिंब झालाय त्याचा, दुसरा जोड पन न्हाई."

"त्याला काय सांगायचं?" सर म्हणाले. "तो काय परका हाय का? त्याला कळत न्हाई का?"

"त्याला कळतंय म्हनूनच तर तो लावत न्हाई."

"मी कधी त्याला न्हाई म्हनलो का? सांग."

 खरंच, सरांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दहा वर्षांत एकदाही हो म्हटलं नव्हतं, एवढंच. मला तेव्हा हात असते तर मी सरांच्या टाळक्यात बसलो असतो. पण तांब्यानं भरावं, रिकामं व्हावं, यापलीकडे त्याला काही करता येत नाही. त्या तीन दिवसांइतका माझ्या या जन्माचा मला कधी राग आला नाही.

धम्मदीप आत आला. त्याला पाणी देऊ केलं. "झालं माझं, पुरे," तो म्हणाला. त्याचं झालं नव्हतं, ओठ फुटून रक्त आलं होतं. पण सांडून सांडून त्याला पाण्याची भीती बसली होती. रॉकेल फक्त बर्फ वितळवण्यापुरतं उरलं होतं, त्यावर हातमोजे वाळवायची चैन परवडत नव्हती. तो उजवा हात काखेत दाबून भिंतीला टेकून बसला आणि विचारलं तर म्हणे, "काही न्हाई, जरा बधिर झालाय."

चौथ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. शिखराचं नावही कुणी काढलं नाही. निघण्याआधी वहीत लिहायचं होतं. सरांनी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, "लातूरचे तिघे. वादळामुळे तीन दिवस मुक्काम. बर्फामुळे एकाचा हातमोजा भिजला." रुद्राणीनं खांद्यावरून वाचलं. मग तिनं मला सरांच्या पिशवीतून काढून स्वतःच्या पिशवीत घेतलं.

उतरायला सहा तास लागले. बाहेरच्या वाऱ्यात तो ओला हातमोजा लाकडासारखा कडक झाला. तिसऱ्या तासाला धम्मदीप बर्फात बसला आणि उठेना. खाणीच्या कड्यावर दोन बोटांवर लटकणारा माणूस तो! रुद्राणीनं माझी फिरकी उघडली, एका हातानं त्याची मान धरली आणि मला त्याच्या तोंडाला लावलं.

"पी. तोंड लावून पी. माझी आन हाय तुला."

तो प्यायला. घटाघटा प्यायला, त्या वैशाखातल्यासारखा. सर चार हातांवर उभे होते. त्यांना नेमका तेव्हाच दोराचा गुंता सोडवायचा होता.

त्या पाण्यावर धम्मदीप खाली पोचला. जीव वाचला. हाताला मात्र उशीर झाला होता. हिमदंश म्हणाले डॉक्टर. उजव्या हाताची चार बोटं आधी पांढरी होती, मग निळी झाली, मग काळी. महिन्याभरानं ती कापली. अंगठा राहिला. हातमोजा कसा भिजला, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "बर्फानं." धम्मदीप पलंगावर पडल्या पडल्या छताकडे पाहत होता. त्यानं सरांना खोटं पाडलं नाही.

लातूरला परतल्यावर रुद्राणीनं मला ओट्यावर ठेवलं आणि रडत रडत आजीला सगळं सांगितलं. "आज्जी, ह्याच तांब्यानं दादा पानी पिला. तोंड लावून पिला. दोन दिवस आधी पिला असता तर बोटं राहिली असती."

लक्ष्मम्मांनी डोळ्याला पदर लावला. "कसलं गुणाचं लेकरू," त्या म्हणाल्या. त्या खरंच रडल्या, मी पाहिलं. खोटं रडणं मला ओळखू येतं. जेवणं झाली, आवराआवर झाली, आणि मग त्यांनी परसातली चूल पेटवून मला निखाऱ्यांवर ठेवलं.

या वेळी मी फार वेळ आत होतो. माझ्या गळ्याचा सांधा सुटला आणि आटे वाकले. त्या तांबटानं इतक्या मायेनं पाडलेले आटे. बाहेर काढून चिंचेनं घासल्यावर मी शुद्ध झालो म्हणे. पण फिरकी बसेना आणि गळ्यातून पाणी ठिबकू लागलं. गळका तांब्या पूजेला काय कामाचा? मी माळ्यावर गेलो, जुन्या बंद पडलेल्या पंख्याच्या शेजारी. सहा महिने मला कुणी हात लावला नाही. त्या काळात मी विचार करत असे की दोनदा मला विस्तवात घातलं, दोन्ही वेळा एका तहानलेल्या माणसासाठी. ज्यांनी पाणी असताना तोंड मिटून धरलं, त्यांना कुणी साधं उन्हातही उभं केलं नाही.

मग एके दिवशी सरांनी मला खाली काढलं. पुसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि एसटीनं रेणापूरला नेलं. दोन खोल्यांचं घर, वर पत्रे, भिंतीवर बुद्धाची तसबीर. धम्मदीप बाजेवर बसला होता. आता त्याला खांबावर चढता येत नाही. ऑफिसात खाली बसून डाव्या हातानं लोकांच्या तक्रारी लिहून घेतो. किती वाजता वीज गेली, कुठली तार तुटली. तार जोडायला दुसरे जातात.

"या सर, बसा जी," सरजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुसून दिली.

सरांनी मला बाजेवर ठेवलं. "हा तुज्याकडंच असू दे, धम्मदीप. आठवण म्हनून. घरी तर आता..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. घरी तर आता चालत नाही, असं ते होतं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

धम्मदीपनं मला डाव्या हातानं फिरवून पाहिलं. वाकलेल्या आट्यांवर त्यानं अंगठा फिरवला. तो जाळ त्याला ओळखू आला असणार, त्यानं तो आधी पाहिलेला होता.

"उन्हाचे आलेत सर, आधी पानी द्या, आई," तो म्हणाला.

सरजाबाईंनी मला माठाखाली धुतलं, भरलं आणि दोन्ही हातांनी सरांपुढे धरलं. मित्रांनो,  मला वाटलं, या माणसाला एक संधी आणखी मिळाली. काही बोलायचीसुद्धा गरज नाही. नुसतं प्यायचं.

सरांनी मला उचललं. मान मागे टाकली. वर धरलं, ओठांपासून चांगलं वीतभर वर, आणि धार सोडली.

मुद्दाम केलं नाही त्यांनी. त्यांना कळलंसुद्धा नाही. सवयच ती, श्वास घ्यावा तशी. मी गळ्यातून गळका, त्यामुळे निम्मं पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत उतरलं. मग मात्र त्यांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी धम्मदीपकडे पाहिलं. सरजाबाई जमिनीकडे पाहत होत्या.

"बाही भिजली सर तुमची," धम्मदीप म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "असू द्या. हितं ऊन हाय. वाळंल."

सर लवकरच निघाले. एसटी चुकेल म्हणाले.

मी तेव्हापासून इथेच आहे. अर्ध्यापर्यंत भरला तर गळत नाही, हे सरजाबाईंनी दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. या घरात मला कुणी देवघरात ठेवत नाही आणि चुलीतही घालत नाही. जो येतो तो उचलतो आणि तोंड लावून पितो. आजवर मला मिळालेला हा सगळ्यात मोठा मान, आणि तो मला फुटका झाल्यावर मिळाला.

मित्रांनो, जुन्या भांड्यांना नीट वापरा, टाकू नका, असं मी तुम्हाला सांगावं अशी तुमची अपेक्षा असेल. माझं काय, मला आपटा, ठोका, मोडीत घाला, माझं पुन्हा काहीतरी होईल. धम्मदीपची बोटं पुन्हा होत नाहीत. तुमच्या घरी कुणी पाणी मागितलं आणि तो भांडं ओठांपासून वर धरताना दिसला, तर वहीत तोंड खुपसून बसू नका. तो तुमच्याकडे पाहतो तेवढ्यातच त्याला सांगा, तोंड लावून पी. निघताना त्या तिघांनी सगळं काट्यावर तोललं होतं, ब्रशचे दांडेसुद्धा कापले होते. या तीन शब्दांचं ओझं सरांना काहीच झालं नसतं.